अकरा वाजताचा सोडा

सोडा पिऊन झाला की बाटली परत करायची असते. पाणी गिऱ्हाइकाचं, बाटली कारखान्याची. हा या धंद्याचा पहिला नियम आणि माझ्या वहिनीनं तो आयुष्यात एकदाच मोडला. अठ्ठेचाळीस बाटल्या तिनं परत केल्या नाहीत. नऊ वर्षं झाली. मालकाचा माणूस तीनदा मागायला आला आणि तिन्ही वेळा हात हलवत गेला.

त्या बाटल्या आमच्या घरात कशा आल्या ते आधी सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. माझा दादा आमच्या घरासमोरच्या सोड्याच्या कारखान्यात भरणीच्या मशीनवर होता. चौदा वर्षं. एके दिवशी दुपारी त्याच मशीनपाशी तो छातीवर हात ठेवून खाली बसला, तो परत उठला नाही. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, आणि कारखान्याची गाडी दारात येऊन थांबली. मालकानं दोन क्रेट पाठवले होते. भेटायला येणाऱ्यांसाठी थंडगार सोडा! वर निरोप: लिंबू तुमच्याकडे असेलच.

जनाची नाही तर मनाची तरी! कारण दादाला छातीत कळ आली तेव्हा याच मालकानं स्वतःच्या हातानं बाटली फोडून त्याला दिली होती आणि म्हणाला होता, "गॅस झालाय. पी, आणि मशीन थांबवू नकोस." कारखान्यात सात माणसं होती, सातही जणांनी ऐकलं. दादा प्यायला आणि मशीन फिरवत राहिला. अर्ध्या तासानं मशीन थांबलंच.

मी त्या मालकाला 'फेस' म्हणते. वर उसळी मोठी, खाली बघाल तर घोटभर पाणी. त्या दिवशी मी तो पहिला क्रेट उचलून रस्त्यावर आपटणार होते. वहिनीनं माझं मनगट धरलं. "राहू द्या, वन्सं," ती म्हणाली. "बाटल्या चांगल्या आहेत."

मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

परिणाम वगैरे काही नव्हता. लोकांनी सोडा पिऊन ठेवलेल्या त्या अठ्ठेचाळीस बाटल्या तिनं धुतल्या, उलट्या करून वाळवल्या आणि पलंगाखाली लावून ठेवल्या. चार महिन्यांनी लाँड्रीतली नोकरी सोडली, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून हातानं फिरवायचं जुनं मशीन आणलं, गॅसचं नळकांडं आणलं आणि आमच्या पुढच्या खोलीत, कारखान्याच्या फाटकाच्या नाकासमोर, सोड्याचं दुकान टाकलं. प्रत्येक बाटलीच्या काचेवर मालकाच्या कारखान्याचं नाव उठवलेलं होतं. ते तिनं तसंच ठेवलं. लोक त्याच्या नावाच्या बाटलीतून तिचा सोडा प्यायचे, आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला फेस ते बघायचा.

खोली एकच होती. अर्ध्या भागात तिचं मशीन आणि बादल्या, अर्ध्या भागात माझं शिवणाचं मशीन. मी कपडे शिवते. लग्न केलं नाही. जी स्थळं आली ती माझा चेहरा बघायच्या आधी माझी जीभ ऐकून गेली. वहिनी माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, बुटकी, खांद्यानं रुंद, आणि बोलण्यात कंजूष. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला फार छळायची. 'तोंडात सोड्याच्या बाटलीची गोळी अडकलीय का गं?' म्हणायची. दादा हसायचा. ती नुसती बघायची. तेव्हापासून आमचं ठरून गेलं, मी बोलायचं आणि तिनं ऐकायचं.

पण सोड्याबद्दल विचारा, मग ऐका. सोडा म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ती सांगायची, "थंड पाणी आणि त्यात कोंडलेला गॅस. तिसरं काही नाही." पाणी जितकं गार तितका गॅस जास्त मुरतो, म्हणून ती पहाटेच पाणी थंड करायला ठेवायची. बाटल्या भरून मशीनच्या पिंजऱ्यात अडकवायच्या, जाळी बंद करायची, गॅस सोडायचा आणि दांडा धरून अख्खा पिंजरा उलटासुलटा फिरवायचा. आतल्या जोरानं काचेची गोळी वर येऊन रबराच्या वायसरला घट्ट बसते. बूच नको, झाकण नको. आतलं आतच स्वतःचं तोंड बंद करतं. फोडायची तर अंगठ्यानं गोळी आत ढकलायची. वहिनीचा उजवा अंगठा त्या कामानं चपटा झाला होता, नख कायमचं आडवं वाढलं होतं.

उपयोग तर ती इतके सांगायची की गिऱ्हाईक सोडा विसरून ऐकत राहायचं. सुई बोटात शिरून पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका पडला की ती माझ्या हातातून कापड ओढायची, सोडा ओतायची, टिपायची, डाग गायब. चहाचाही तसाच. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर सोड्यात बुडवून ठेव. करपलेलं पातेलं सोड्यात रात्रभर ठेव. उचकी लागली तर घोट घोट पी. काच पुसायची, दागिना उजळायचा, कुंडीतल्या रोपाला महिन्यातून एकदा घालायचा. दारूत मिसळायला नेणाऱ्यांना ती उपदेश करायची नाही, फक्त म्हणायची, "सोडा जास्त घाला, दुसरं कमी." एकदा एक बाई कपडे धुवायचा सोडा मागायला आली. वहिनीनं तिला बसवून धुण्याचा कुठला, खाण्याचा कुठला आणि पिण्याचा कुठला, हे इतकं समजावलं की ती बिचारी एक बाटली पिऊन, ढेकर देऊन, धुण्याचा सोडा विसरून घरी गेली.

आणि माझी बाटली. रोज अकरा वाजता हातातलं काम टाकून वहिनी एक बाटली पुसायची, फोडायची आणि माझ्या मशीनच्या फळीवर आणून ठेवायची. अकरा म्हणजे अकरा. दहा मिनिटं इकडे नाही, तिकडे नाही. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल. "प्या वन्सं," एवढंच म्हणायची आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत उभी राहायची. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नाही. मला ताप असला तरी यायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, अशी भावजय मिळायला नशीब लागतं. मीही मान डोलवायची.

एका उपयोगाला मात्र तिची सक्त मनाई होती. दादा गेला त्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की पोटात वायू धरलेला माणूस बहुतेक वेळा बोटानं जागा दाखवतो, आणि हृदयाची कळ आलेला बहुतेक वेळा अख्खा पंजा छातीवर ठेवतो. तिनं ते वाक्य गाठीला बांधलं. दुकानात कुणी येऊन 'गॅस झालाय' म्हटलं की तिचा प्रश्न ठरलेला: "कुठं दुखतंय? हातानं दाखवा." बोट पोटावर गेलं तर बाटली. पंजा छातीवर गेला तर सोडा नाही; समोरच्या नाक्यावरची रिक्षा आणि दवाखाना. लोक चेष्टा करायचे. पाणी विकायला बसलीय की नाडी बघायला, म्हणायचे. मग एकदा एका बस कंडक्टरला तिनं जबरदस्तीनं रिक्षात कोंबलं. तो शिव्या देत गेला आणि अठरा दिवसांनी बायकोला घेऊन पाया पडायला आला. त्यानंतर चेष्टा थांबली.

तिनं पाटीही रंगवून घेतली होती. 'छातीत दुखत असल्यास सोडा मिळणार नाही. गॅसच असेल, ढेकर द्या नि काम बघा, असं या दुकानात म्हणत नाहीत.' मला ती पाटी बघून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, "वहिनी, ही फाटकाच्या बाजूला लाव. बाहेर, मोठ्या खिळ्यावर. रोज उठून वाचू दे फेसला." तर तिनं ती खोलीत आत लावली, आडव्या भिंतीवर. मी मशीनवरून मान वर केली की समोर पाटी. रस्त्यावरून जेमतेम कोपरा दिसायचा. "बाहेर उन्हानं रंग जाईल," ती म्हणाली. मी चरफडले. असली सुरी आणि म्यानात ठेवायची!

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

दादा गेला त्या दिवशी अकराच्या सुटीत तो रस्ता ओलांडून घरी आला होता. वहिनी लाँड्रीत. मी एका गिऱ्हाइकाचं काम संपवायच्या घाईत, मानही वर न करता मशीन चालवत होते. तो म्हणाला, "चिमे, कसंतरीच होतंय गं. दाटल्यासारखं." मी म्हटलं, "तू आणलेला सोडा आहे बादलीत, घे." त्याला फोडायला जमेना. चौदा वर्षं सोडा भरणाऱ्या माणसाला गोळी ढकलायला जमेना, आणि मला तेवढंही दिसलं नाही. मी बसल्या बसल्या बाटली घेतली, फोडली, त्याच्या हातात दिली. "गॅसच असेल. ढेकर दे नि काम बघ." तो प्यायला, बाटली ठेवली आणि गेला. तासाभरानं मी शिवलेले कपडे पोचवायला निघून गेले. परत आले तेव्हा कारखान्यात सगळं संपलं होतं. वहिनी माझ्याआधी धावत पोचली होती; त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

मालकानं काय केलं ते सात जणांनी सांगितलं. मी काय केलं ते सांगायला कुणी नव्हतं. मग मी गप्प बसले, आणि जेवढी आत गप्प बसले तेवढी बाहेर मालकाच्या नावानं बोटं मोडली. पाटीवरचं वाक्य वाचलं की मी पटकन मान खाली घालायची. पण मी स्वतःला समजवायची: हे तर सगळेच म्हणतात, जगात ज्याच्या घरी सोडा आहे तो प्रत्येक जण हेच म्हणतो, मालकही असंच काहीतरी म्हणाला असेल.

फक्त एकाला माहीत होतं. दुकान टाकल्याच्या दुसऱ्या वर्षी मी भर रस्त्यात फेसला चार शब्द सुनावले. खुनी म्हटलं. तो खुर्चीतून उठलाही नाही. हळूच म्हणाला, "मशीनवर परत आला तेव्हा तुझा भाऊ काय म्हणाला माहितीये? बहिणीनं सोडा दिला, तरी उतरत नाही. सांगू तुझ्या वहिनीला?" मी वळून खोलीत आले. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही, पण रोज सकाळी उठून पहिली गोष्ट एकच मागितली, की हा मरावा. दादाचा सूड म्हणून तर मरावाच, पण त्याहून लवकर, त्यानं तोंड उघडायच्या आत मरावा. माणूस किती खाली जातो ते मला स्वतःवरून ठाऊक आहे.

वर्षं गेली. कारखाना आटला. मालकाच्या मुलानं प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी विकायला सुरुवात केली, जुनी मशीन भंगारात गेली, आणि फेस फाटकाशी एकटाच खुर्चीत उरला. आमच्या दुकानात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आणि गेल्या महिन्यात, एका मंगळवारी, साडेदहाच्या सुमारास, तो खुर्चीतून उठला आणि रस्ता ओलांडून आला.

"एक सोडा दे," तो वहिनीला म्हणाला.

वहिनीनं हातातला फडका खाली ठेवला. "काय होतंय?"

"गॅस. सकाळपासून. दे लवकर."

"कुठं दुखतंय? हातानं दाखवा."

तो हसला. हसताना त्याचा वरचा ओठ घामानं चकाकला. मग एक बोट, एकच, मोजून, त्यानं पोटावर टेकवलं. "इथं. बघ, बोट आहे की नाही? तुझी परीक्षा ठाऊक आहे मला."

मी मशीन थांबवलं. त्याचा शर्ट मानेपासून कमरेपर्यंत भिजला होता, चेहरा राखेसारखा झाला होता, आणि डावा हात अंगाला नुसता लोंबत होता. नऊ वर्षं त्या पाटीसमोर बसलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? हा गॅस नव्हता. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. देवानं माझं ऐकलं होतं, आणि वर त्याच्याच तोंडून 'गॅस' वदवून घेतलं होतं. त्यानं सोडा प्यावा, ढेकर द्यावी, फाटकाशी जाऊन बसावं आणि तिथंच कायमचं गप्प व्हावं.

"दे ना वहिनी," मी म्हणाले. "बोट पोटावर आहे. गिऱ्हाईक म्हणतंय गॅस, तर गॅस. आपण कोण लागून गेलो डॉक्टर?"

वहिनीनं आधी माझ्याकडे बघितलं. मग बादलीत हात घालून बाटली काढली, पुसली. त्या अठ्ठेचाळीसांतलीच एक. काचेवर त्याच्या कारखान्याचं नाव. अंगठा गोळीवर ठेवला.

"डाव्या हातानं घ्या," ती म्हणाली.

"का? उजवा आहे ना."

"डाव्या हातानं."

त्यानं डावा हात उचलला. तो कमरेपर्यंत आला आणि तिथंच राहिला. त्याच क्षणी कळ आली असावी, कारण त्याचं तोंड वाकडं झालं, आणि पोटावरचं ते मोजून ठेवलेलं बोट सुटून अख्खा पंजा छातीवर जाऊन बसला.

वहिनीनं न फोडलेली बाटली बादलीत परत ठेवली. "तुम्हाला सोडा मिळणार नाही."

"सूड घेतेस?" तो दात आवळून म्हणाला.

"हो," वहिनी म्हणाली. "चला वन्सं, धरा यांना. रिक्षा बोलावते."

मी जागची हलले नाही. "मी हात लावणार नाही. मरू दे मेल्याला! वहिनी, अगं तुझ्या नवऱ्याला मारलंय यानं!"

"मेलेल्यावर सूड उगवता येत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण असा स्वर मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "धरा म्हणते ना."

मी धरलं. काखेत हात घातला तर तो ओलाचिंब. रिक्षात तो दोघींच्या मधे, डोकं माझ्या खांद्यावर. ज्याच्या मरणासाठी रोज हात जोडले त्याचं डोकं मी दवाखान्यापर्यंत सांभाळलं आणि खड्डा आला की 'हळू' म्हणत राहिले. वाटेत मला एकच भीती होती, की हा शुद्धीत राहील.

तो राहिला. डॉक्टरांनी त्याला आत नेलं, चार तासांनी बाहेर येऊन म्हणाले, वेळेवर आणलंत, आता धोका नाही. मुलगा बाहेरगावी होता, यायला संध्याकाळ होणार होती. नर्सनं आम्हालाच दोन मिनिटं आत सोडलं. अंगाला वायरी, नाकाला नळी, तरी जिभेला हाड नव्हतंच कधी.

"उपकार केलेस असं समजू नकोस," तो वहिनीला म्हणाला. मग त्याची नजर माझ्यावर आली. "हिला विचार. तुझ्या नवऱ्याला पहिला सोडा कुणी पाजला, विचार हिला."

मी पलंगाचा दांडा धरला. इतकी वर्षं ज्या वाक्याच्या भीतीनं मी रोज जागी होत होते, ते शेवटी बोललं गेलं, आणि ते बोलणाऱ्याला मीच धरून आणलं होतं.

वहिनीनं त्याची चादर नीट केली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पहिला यांनी दिला, दुसरा तुम्ही. यांनी मान वर करून बघितलं नाही. तुम्ही बघितलंत. भिजलेला माणूस समोर बघितलात आणि मशीन थांबवू नकोस म्हणालात. बरे व्हा. फाटकाशी येऊन बसा. मला तुम्ही तिथं रोज बसलेले हवे आहात. कोण कशानं वाचलं ते येणारा-जाणारा विचारेल, आणि तुम्हाला रोज सांगावं लागेल."

फेसनं तोंड भिंतीकडे वळवलं. मला त्याचा आनंदसुद्धा घेता आला नाही.

आम्ही चालत घरी आलो. ऊन उतरलेलं. निम्म्या रस्त्यात माझा धीर सुटला.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"त्याच दिवसापासून. मी पोचले तेव्हा ते बोलत होते. म्हणाले, चिमी म्हणाली गॅसच असेल, ढेकर दे नि काम बघ. ढेकर येतच नाही गं. हेच शेवटचं बोलले."

गॅसच असेल, ढेकर द्या नि काम बघा. मला पाटी दिसली. नऊ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर, आडव्या भिंतीवर, उन्हापासून जपून ठेवलेली.

"म्हणजे ती पाटी—"

"मालकासाठी लावायची असती तर बाहेर लावली असती."

"आणि अकराचा सोडा?"

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मला वाटायचं, माया आहे," मी म्हणाले.

"मायाही होती," वहिनी म्हणाली. "नऊ वर्षं एका घरात राहिलो, एका चुलीवरचं जेवलो. माया कुठं जाणार? पण नुसती माया असती तर मी एखाद्या दिवशी विसरले असते. मी एकही दिवस विसरले नाही. रोज वाटायचं, आज बाटली बघून तुम्ही बोलाल. तुम्ही रोज प्यायलात, ओठ पुसलेत आणि मालकाला शिव्या दिल्यात." ती थांबली. रस्त्याच्या मधोमध, पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "एकदा बोलायला काय झालं होतं हो? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

मी तिच्यामागून चालत राहिले. घरी आलो. तिनं शटर वर केलं, बादलीतलं पाणी बदललं आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना सोडा दिला. रात्री दोघी जेवलो. तिनं मला वाढलं, नेहमीसारखंच.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले, पण सुईत दोरा ओवला नाही. पावणेअकरा झाले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. समोर फाटकाशी रिकामी खुर्ची. मला वाटलं, आज ती येणार नाही. मग वाटलं, येईल. काय व्हावं असं वाटत होतं ते मलाच सांगता आलं नसतं.

अकरा वाजता वहिनीनं बाटली पुसली आणि माझ्याकडे आली. पण फोडली नव्हती. अंगठा गोळीवर टेकवलेला, तशीच उभी राहिली. पाटी तिच्या पाठीमागे.

"वन्सं," ती म्हणाली, "कुठं दुखतंय? हातानं दाखवा."

मी पंजा उचलला आणि छातीवर ठेवला. "मी दिला होता," मी म्हणाले. "त्याला गोळी ढकलता येत नव्हती. मी बघितलं नाही, वहिनी."

तिनं बाटलीवरचा अंगठा काढला, ती परत बादलीत नेऊन ठेवली, आणि आतून माझ्यासाठी एक पेला साधं पाणी आणलं.